बिली द किडची पत्रं

बिली द किड, म्हणजे एकोणिसाव्या शतकातला अमेरिकेतला गाजलेला बंदूकबाज गुन्हेगार. त्याचा विषय निघाला की लोक तो एकच फोटो टाकतात. चेपलेली टोपी, अंगात ढगळ स्वेटर, शेजारी विंचेस्टर रायफल. पत्र्यावर उमटवलेला तो टिनटाइप २०११ मध्ये तेवीस लाख डॉलरला विकला गेला. टिनटाइपमध्ये माणूस उलटा उमटतो, त्यामुळे बिली डावखुरा होता असं कित्येक वर्षं मानलं गेलं. फोटोखाली हमखास ओळ असते: ‘एकवीस माणसं मारणारा’. ही दंतकथा आहे. एकट्याने मारलेली माणसं चारच धरली जातात, बाकीचे खून टोळीने मिळून केलेले. चार काही थोडी नाहीत, हे आधीच सांगते.

पण मला फोटोपेक्षा त्याची पत्रं जास्त छळतात.

आई १८७४ मध्ये न्यू मेक्सिकोतल्या सिल्व्हर सिटीत क्षयाने गेली. सावत्र बापाने पोरांकडे पाठ फिरवली. वर्षभरात हा चिनी धोब्याच्या चोरलेल्या कपड्यांपायी तुरुंगात गेला आणि धुराड्यातून वर चढून पळाला. तिथून लपतछपत जगणं सुरू झालं.

न्यू मेक्सिकोतल्याच लिंकन कौंटीत तो सापडला तो ठेकेदारांच्या भांडणात. मर्फी-डोलन पेढी फोर्ट स्टँटनच्या लष्कराला आणि मेस्कालेरो अपाचींच्या राखीव वसाहतीला मांस आणि पीठ पुरवायची. गावात दुकान त्यांचं, शेतकऱ्यांच्या डोक्यावरची उधारी त्यांची, शेरीफही त्यांच्याच बाजूचा. जॉन टन्स्टल नावाच्या चोवीस वर्षांच्या इंग्रजाने तिथे दुसरं दुकान थाटलं. १८ फेब्रुवारी १८७८ ला शेरीफच्या माणसांनी त्याला गोळ्या घातल्या. बिली टन्स्टलकडे कामाला होता. १ एप्रिलला शेरीफ ब्रेडीला भर रस्त्यात दबा धरून मारलं, त्यात बिलीही होता. जुलैत पाच दिवस गावात गोळीबार चालला.

मार्च १८७९ मध्ये त्याने राज्यपाल ल्यू वॉलेसला पत्र लिहिलं. (‘बेन-हर’ ही कादंबरी लिहिणारा वॉलेस तो हाच.) एका वकिलाचा खून बिलीने डोळ्यांनी पाहिला होता. मी साक्ष देतो, माझ्यावरचे खटले काढा, मला आता लढायचं नाही, असा मजकूर. पत्राच्या शेवटी: मला किड अँट्रिम म्हणतात, पण अँट्रिम हे माझ्या सावत्र बापाचं नाव आहे.

त्या ओळीशी मी दर वेळी थांबते. जिवाचा सौदा चाललाय आणि या पोराला राज्यपालाला आपलं नाव नीट सांगायचंय.

१७ मार्चच्या रात्री दोघे भेटले. वॉलेसने माफीचं वचन दिलं. बिलीने ठरल्याप्रमाणे स्वतःला अटक करवून घेतली आणि खटला चालवायचा का हे ठरवणाऱ्या ग्रँड ज्युरीपुढे साक्ष दिली. सरकारी वकील खटला मागे घ्यायला तयार नव्हता, आणि वॉलेसची माफी काही आली नाही. जूनमध्ये बिली निघून गेला, गुरं चोरू लागला. डिसेंबर १८८० मध्ये, शेरीफ म्हणून नुकताच निवडून आलेल्या पॅट गॅरेटने त्याला पकडलं. सँटा फेच्या तुरुंगातून त्याने वॉलेसला आणखी चार पत्रं लिहिली. एकाचंही उत्तर आलं नाही.

एप्रिल १८८१ मध्ये ब्रेडीच्या खुनासाठी फाशीची शिक्षा झाली. दोन्ही बाजूंनी इतकी माणसं मेली, पण लिंकन कौंटीच्या त्या भांडणापायी दोषी ठरला तो एकटा बिली. पेढीवाला डोलन सहीसलामत सुटला आणि टन्स्टलचीच मालमत्ता पुढे त्याच्या ताब्यात आली.

फाशीपर्यंत बिलीला ठेवलं होतं लिंकनच्या कोर्टात, म्हणजे मर्फीच्या जुन्या दुकानात, वरच्या मजल्यावर. २८ एप्रिलला तो बेल आणि ऑलिंगर या दोन पहारेकऱ्यांना मारून पळाला. बेल चांगला माणूस होता असं सांगतात. त्या खुनाची बाजू मी घेणार नाही.

मेक्सिकोला न जाता तो न्यू मेक्सिकोतल्याच फोर्ट सम्नरला परतला, स्पॅनिश बोलणाऱ्या, त्याला घरात घेणाऱ्या माणसांत. १४ जुलैच्या रात्री तिथल्या ओळखीच्या पीट मॅक्सवेलच्या अंधाऱ्या खोलीत शिरताना कुणीतरी बसलेलं दिसलं. त्याने स्पॅनिशमध्ये विचारलं, ‘कोण आहे?’ गॅरेटने गोळी झाडली. तेव्हा बिली जेमतेम एकवीस वर्षांचा होता.

२०१० मध्ये न्यू मेक्सिकोचे तेव्हाचे राज्यपाल बिल रिचर्डसन यांनी वॉलेसच्या वचनाखातर माफीचा विचार केला आणि ३१ डिसेंबरला ती नाकारली. मला वाटतं, द्यायला हवी होती. बेल आणि ऑलिंगरच्या खुनांना नाही, ते नंतरचे. फक्त ब्रेडीच्या खटल्यापुरती, कारण साक्ष तर घेऊन झाली होती.