अ‍ॅमस्टरडॅम, पाच ग्रॅम आणि नानांचा परवाना

मंद्या ऑफिसच्या कामाला कोलोनला गेला होता. शनिवार-रविवार जोडून तिथून ट्रेनने अ‍ॅमस्टरडॅमला जाऊन आला. मुक्काम अडीच दिवस, पण गेला आठवडाभर कट्ट्यावर असा बोलतोय, जणू कालव्याकाठीच याची मुंज झाली.

"तिथं सगळं चालतं रे," चहाचा ग्लास फिरवत त्याने काल पुन्हा सुरू केलं. "काय वाट्टेल ते करा. पोलीस समोर उभा आणि त्याच्या नाकासमोर लोक गांजा ओढतायत!"

"कायदेशीरच आहे ना तिथे," अव्या म्हणाला. त्याला पासपोर्ट नाही, पण मतं भरपूर.

"नाहीये," वैशू म्हणाली. नवऱ्याच्या नोकरीपायी ती दोन वर्षं अ‍ॅमस्टरडॅमला लागून असलेल्या आम्स्टलवेनला राहून आलीय, आणि मंद्याचं बोलणं इतके दिवस कसं सहन करत होती देव जाणे. "कायद्यात तो आजही गुन्हाच आहे. १९७६ मध्ये त्यांनी कायदा बदलला, गांजा-चरस सौम्य गटात टाकला. अटी पाळल्या तर खटला भरायचा नाही, एवढंच ठरवलं. त्यांचा शब्द आहे, खदोखन." यातले दोन्ही 'ख' तिने घशातून असे खरवडून काढले की टपरीवाल्याने वळून पाहिलं.

"म्हणजे कानाडोळा," नाना म्हणाले.

"अगदी. पण अटी लिहून केलेला. गांजा विकायची वेगळी दुकानं असतात, कॉफीशॉप म्हणतात. माणशी पाच ग्रॅम, अठराच्या खाली प्रवेश नाही, दुकानात दारू नाही, जाहिरात नाही, आणि दुकानात एका वेळी अर्ध्या किलोपेक्षा जास्त माल नाही."

शिऱ्या वकील आहे, त्याला लगेच वास लागला. "अर्धा किलो संपला की दुकानदार आणतो कुठून?"

"मागच्या दाराने. आणि ते आणणं मात्र सरळ गुन्हा."

"म्हणजे विकलं तर चालेल, विकत घेऊन भरलं तर नाही?" शिऱ्या खूष झाला. असल्या कायद्यावरच त्याचं घर चालतं.

वैशू म्हणाली की या मागच्या दाराची डचांनाही लाज वाटते. म्हणून काही शहरांत सरकारमान्य शेतीतला माल दुकानांना द्यायचा प्रयोग काढलाय. २०२३ च्या अखेरीस ब्रेडा आणि टिलबर्गला त्याची सुरुवात झाली. अ‍ॅमस्टरडॅम त्यात नाही.

"आणि ऐक. २००८ पासून हॉटेल-बारमध्ये तंबाखू ओढायला बंदी आहे. ती या दुकानांनाही लागू. नुसता गांजा ओढा, कुणी काही म्हणणार नाही. त्यात तंबाखू मिसळलीत की नियमभंग."

अव्याचा तळहातावर फिरणारा अंगठा थांबला. "तंबाखूला बंदी आणि गांजाला नाही?"

मंद्याला विषय हातातून निसटतोय असं वाटलं असावं. तो आवाज खाली आणून म्हणाला, "आणि त्या खिडक्या..."

"वालेन. धंदा करणाऱ्या बायका काचेमागे उभ्या असतात ती वस्ती," वैशू म्हणाली. "खाली बघून बोलू नकोस, मला माहितीय. तुझा तो ओढणाऱ्यांसमोरचा पोलीस कुठे होता?"

"तिथेच."

"तिथे २०२३ च्या मे महिन्यापासून रस्त्यावर गांजा ओढायला बंदी आहे. शंभर युरो दंड."

"मग तो काही बोलला का नाही?"

"कानाडोळ्यावर कानाडोळा," नाना म्हणाले.

वालेनच्या ऐन मधोमध जुनं चर्च आहे, १३०६ सालचं. चित्रकार रेम्ब्रांटची बायको तिथे पुरलेली आहे. हे वैशूने सांगितल्यावर मंद्या म्हणाला, "चर्च? असेल." अडीच दिवसांत माणसाला काय काय दिसत नाही, याची मला गंमत वाटली. नानांना मात्र त्यात नवल वाटलं नाही. "दगडूशेठच्या मागे काय आहे? आपण रोज हात जोडतो आणि पुढे जातो."

"पण फरक आहे ना," शिऱ्या म्हणाला. "आपल्याकडे १९५६ चा कायदा. बाईने स्वतः धंदा करणं गुन्हा नाही, कुंटणखाना चालवणं गुन्हा. मग ती करणार कुठे, हे कायदा सांगत नाही. त्यांनी ऑक्टोबर २००० मध्ये कुंटणखान्यांवरची बंदीच उठवली. परवाना घ्या, कर भरा."

"आणि अ‍ॅमस्टरडॅममध्ये वय एकवीस, २०१३ पासून," वैशू म्हणाली. "पण म्हणून सगळं छान झालं असं नाही. मंद्यासारखे लोक घोळक्याने जातात आणि काचेसमोर प्राणिसंग्रहालयात उभे राहावेत तसे राहतात. शेवटी २०२० मध्ये खिडक्यांसमोरून गाइडबरोबर फिरायच्या सहली बंद केल्या. आता महापौर बाई, फेम्के हाल्सेमा, म्हणतात की बऱ्याचशा खिडक्या हलवून शहराच्या दक्षिणेला एका मोठ्या इमारतीत नेऊ. तर त्या बायकाच मोर्चा काढतात. गर्दी तुमची, आणि घर आम्ही का सोडायचं, असं त्यांचं म्हणणं. आणि जिथे न्यायचं तिथले लोक म्हणतात, आमच्याकडे नको."

"हे मात्र अगदी आपल्यासारखं," अव्या म्हणाला. त्याच्या सोसायटीमागे कचरा डेपोचं चाललंय.

मग वैशूने २०२३ ची जाहिरात सांगितली. ब्रिटनमधल्या अठरा ते पस्तीसच्या पोरांनी लग्नाआधीच्या दारूपार्टीसाठी अ‍ॅमस्टरडॅम शोधलं, की त्यांना फोनवर दिसायचं: येऊ नका, दंड होईल, तुरुंगात जाल. पर्यटनाच्या पैशावर वाढलेलं शहर स्वतःच पाहुण्याला दारातून परत पाठवतंय! मंद्याने इथे कबूल केलं की त्याच्या हॉटेलच्या बिलात साडेबारा टक्के पर्यटक कर होता. आणि हेही, की अडीच दिवसांत त्याला शिव्या एकदाच बसल्या. गांजावरून नाही, खिडक्यांवरूनही नाही. फोटो काढायला तो सायकलींच्या लाल पट्ट्यावर उभा राहिला होता, म्हणून.

"त्यावर कानाडोळा नाही," वैशू म्हणाली.

"पण मला सांग," अव्या हट्टाला पेटला, "मांजर डोळे मिटून दूध पितं, तसंच झालं ना हे? आपण करतो तेच. मग ते पुढारलेले कसे?"

शिऱ्या जरा थांबून म्हणाला, "ते कुठे डोळे मिटणार ते आधी लिहून देतात. आपण लिहून देत नाही. म्हणून आपल्या हवालदाराला त्याच्या सोयीने डोळा उघडता येतो. त्या उघडझापीचे पैसे असतात."

"लिहून देऊनही त्यांचं मागचं दार उघडंच आहे," वैशू म्हणाली. "तिथून कोण येतं-जातं ते मंद्याला दिसलं नाही, आणि दोन वर्षांत मलाही नाही."

कुणी काही बोललं नाही. नानांनी ग्लास खाली ठेवला.

"मुंबई दारूबंदी कायदा, १९४९. आता नाव महाराष्ट्र दारूबंदी कायदा. अजून लागू आहे. महाराष्ट्रात दारू प्यायला परवाना लागतो. तुमच्यापैकी किती जणांकडे आहे?"

शिऱ्या खोकला. वकील असून तोही वीस वर्षं बिनपरवान्याची पितोय. मीही. मंद्या फोन बघायला लागला.

नानांनी पाकिटातून लॅमिनेट केलेला कागद काढला. वैशूने हातात घेऊन वाचला आणि फस्सकन हसली. "प्रकृती राखण्यासाठी प्यायची परवानगी. खरंच लिहिलंय!"

"नाना," अव्या म्हणाला, "मग येत्या शनिवारी तुमच्या नावावर बसू या."

"एका माणसाचा आहे," नाना म्हणाले आणि कागद परत पाकिटात घातला.