फॉरमॅट मारलं, पण डी ड्राइव्हचं काय?

काका, सादर नमस्कार.

लॅपटॉप मध्येच दोन-चार सेकंद अडकतो त्याबद्दलच्या माझ्या लेखावर तुम्ही लोकमान्यनगरातून चांगली खरमरीत प्रतिक्रिया पाठवलीत. बाकीच्या वाचकांसाठी ती थोडक्यात सांगतो. एवढीशी गोष्ट मी इंजिनिअरी पाजळून अवघड केली. तुमच्या भाच्याने फॉरमॅट मारून आणि 4 जीबी रॅमची 8 करून दुपारभरात काम संपवलं. इंदूरच्या मे महिन्यात माणसं बंद पडतात, तिथे मशीनचं काय, तरी उष्णतेबद्दल मी चकार शब्द काढला नाही. आणि 'डिस्क जाते आहे' म्हणून घाबरवून लोकांना सिल्व्हर मॉलमधल्या कॉम्प्युटरच्या दुकानांच्या पायऱ्या चढायला लावणं बरं नव्हे. मग जाता जाता एक ओळ: आता फक्त फोटोंचं फोल्डर उघडताना अडकतो, बाण फिरतो पण काही उघडत नाही, 'तेवढं चालायचंच'.

मी लिहायला बसलो तो या शेवटच्या ओळीमुळे. ते चालायचं नाही, काका.

उष्णतेचं आधी उरकतो. तापल्यावर प्रोसेसर स्वतःचा वेग खाली आणतो, हे खरं. पण तेव्हा पंखा घोंघावत असतो, तळ चटका देतो आणि सगळंच काम बराच वेळ रेंगाळत राहतं. चालता चालता टक्कन थांबायचं आणि पाचव्या सेकंदाला काही झालंच नाही अशा थाटात पुढे निघायचं, ही तापलेल्या मशीनची खोड नव्हे. पंखा जरूर साफ करून घ्या, जाळीत धुळीचा नमदा बसलेला असतोच. फोटोंच्या फोल्डरला त्याने गुण येणार नाही.

आता इंजिनिअरी. लेखात मी सर्वांत आधी जे सांगितलं होतं त्याला पदवी लागत नाही, नुसते डोळे लागतात. अडकलेल्या क्षणी माउस हलवून बघा. बाण फिरतोय, बाकी सगळं चालतंय, पण एकच खिडकी फिकी पडून 'नॉट रिस्पॉन्डिंग' म्हणतेय (विंडोज साधारण 5 सेकंद वाट बघून हा शिक्का मारतं), तर दोष बहुधा त्या प्रोग्रामचा. बाणही थिजला आणि चालू गाणं एकाच सुरावर घरघरायला लागलं, तर संशय ड्रायव्हरवर (विंडोज आणि मशीनचे भाग यांच्यातला दुभाष्या प्रोग्राम) किंवा त्याच्याही खालच्या थरावर. एएमडी या कंपनीचा प्रोसेसर असलेल्या काही मशीनना असा त्रास होता. एफटीपीएम नावाचा सुरक्षेचा भाग मदरबोर्डवरच्या फ्लॅश चिपशी देवाणघेवाण करत बसला की सगळंच क्षणभर ठप्प व्हायचं. कंपनीने मार्च 2022मध्ये ते मान्य केलं आणि पुढे बायोसच्या, म्हणजे मशीन सुरू करणाऱ्या मूळ प्रोग्रामच्या, अपडेटमधून दुरुस्ती आली. तिथे फॉरमॅटचा काडीचा उपयोग नव्हता.

तिसरी तऱ्हा तुम्ही लिहिलीत ती. बाण मोकळा फिरतो, पण स्टार्ट मेन्यूसुद्धा मुका, आणि थोड्या वेळाने मारलेल्या सगळ्या क्लिका एकदम वसूल होतात. असं मशीन बहुतेक वेळा डिस्ककडून उत्तर यायची वाट बघत असतं.

भाच्याला मी नावं ठेवणार नाही. 4 जीबीत आजचा ब्राउझर म्हणजे वन-आरकेत लग्नाचं वऱ्हाड. रॅम पुरली नाही की विंडोज सामान डिस्कवर टाकतं आणि लागेल तसं परत उचलतं. मिनिटाला 5400 फेऱ्या मारणाऱ्या जुन्या हार्ड डिस्कवर ही ने-आण जीव काढते. रॅम दुप्पट झाली, ने-आण घटली, लॅपटॉप पळायला लागला. यात खोटं काही नाही. फक्त एवढंच की डिस्ककडे जायचे प्रसंग कमी झाले, डिस्क आहे तीच राहिली.

आणि फॉरमॅट त्याने सी ड्राइव्हचं केलं असणार. सगळे तेच करतात, कारण डीमध्ये नातवाच्या मुंजीचे फोटो, एफडीच्या पावत्यांचे स्कॅन असला ऐवज असतो आणि त्याला हात लावला तर घरात महाभारत. तुमचे फोटो अजून जागेवर आहेत, यावरूनच कळतं. पण अशा लॅपटॉपमध्ये सी आणि डी या बहुधा दोन वेगळ्या डिस्क नसतात, एकाच डिस्कवर आखलेल्या दोन हद्दी असतात. सीची झाडलोट झाली, डीमध्ये कोणी डोकावलंही नाही. आणि तुमचा लॅपटॉप अडकतो कुठे? फोटोंवर.

डिस्कवरचा एखादा सेक्टर, म्हणजे डेटा ठेवायचा छोटा तुकडा, नीट वाचता येईना झाला की ती लगेच हात टेकत नाही. तोच तुकडा पुन्हा पुन्हा वाचून बघते, आणि तोवर पुढची कामं खोळंबतात. नासच्या (अनेक डिस्क एकत्र ठेवणारी, नेटवर्कला जोडलेली पेटी) काही डिस्कना साधारण 7 सेकंदांत नाद सोडायला शिकवलेलं असतं, कारण तिथे डेटा दुसऱ्या डिस्कवरून मिळवता येतो. घरच्या लॅपटॉपची डिस्क एकटी, ती त्याहूनही जास्त वेळ झटत बसते. तरीही जमलं नाही तर ती जागा 'पेंडिंग' यादीत जाते आणि त्या जागी नवीन काही लिहिलं जाईपर्यंत सहसा तिथेच लोंबकळते. लिहिताना डिस्क ठरवते, जागा ठीक आहे की राखीव साठ्यातली दुसरी द्यायची. आता मुंजीचे फोटो एकदा ठेवले की त्यांच्यावर पुन्हा कोण लिहितंय? म्हणून तो अडथळा वर्षानुवर्षं तिथेच बसतो, आणि त्याच्या शेजारीपाजारी नवे तयार होऊ शकतात.

हा माझा अंदाज आहे, निदान नव्हे. निदानासाठीच मी त्या लेखात 'नोंदी बघा' म्हणत होतो. फॉरमॅटमध्ये विंडोजच्या जुन्या नोंदी पुसल्या गेल्या, पण डिस्कच्या पोटात तिची स्वतःची नोंदवही असते, ती फॉरमॅटला दाद देत नाही. क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचा फुकट प्रोग्राम ती दाखवतो. तिथे 05, सी5 आणि सी7 या तीन ओळी बघायच्या, शेवटच्या रकान्यातला आकडा. 05 म्हणजे बदलून दिलेल्या जागा, सी5 म्हणजे लोंबकळणाऱ्या. सी7 म्हणजे डिस्क आणि मदरबोर्ड यांच्यातल्या बोलण्यात झालेली गडबड. आकडे दहाऐवजी सोळाच्या पद्धतीने (हेक्साडेसिमल) लिहिलेले असतात, मध्येच ए-बी-सी दिसली तर दचकू नका. शून्य हे शून्यच असतं.

घाबरवून खर्चात पाडतो म्हणालात, म्हणून सुदामानगरच्या आमच्या एका मावशींचं सांगतो. त्यांचा लॅपटॉप असाच अडकायचा. एका दुकानात 'हार्ड डिस्क गई, आंटी' म्हणून नव्या एसएसडीचा (फिरते भाग नसलेली, चिपवाली डिस्क) भाव सांगून झाला होता. मावशींनी काय करावं? लॅपटॉप अडकला की कॅलेंडरच्या त्या दिवसाच्या चौकोनात पेन्सिलीने वेळ लिहायच्या, दुधाच्या हिशोबाखाली: 4.10, 4.25, 6.05. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये, म्हणजे विंडोजच्या स्वतःच्या नोंदवहीत, सिस्टिमची यादी उघडली, तर त्याच वेळांना पिवळ्या त्रिकोणासह 129 क्रमांकाची नोंद, डिस्क उत्तर देईना म्हणून विंडोजने जोडणी नव्याने सुरू केल्याची. पण डिस्कच्या वहीत 05 शून्य, सी5 शून्य, आणि सी7 रोज वाढतोय. डिस्क धडधाकट, जोडणारी चपटी पट्टी ढिली! लॅपटॉप मध्यंतरी दिवाणावरून पडला होता, हे त्यांना तेव्हा आठवलं. मागचं झाकण उघडून पट्टी काढून पुन्हा घट्ट बसवली, सी7चा आकडा जागीच थांबला. एसएसडी घेतली असती तर तीही त्याच ढिल्या पट्टीवर बसली असती.

तुमच्या बाबतीत मात्र वही उघडायच्या आधी फोटो बाहेर काढा. पेन ड्राइव्ह नको, बाहेरची डिस्क घ्या. सगळं फोल्डर एकदम ओढू नका, थोडं थोडं घ्या. एखाद्या फाइलवर गाडी अडली तर ती सोडून पुढे जा, ती शेवटी बघू. आणि भाचा उत्साहाने 'चेकडिस्क (विंडोजचा डिस्क तपासायचा प्रोग्राम) चालवतो' म्हणेल, त्याला प्रत निघेपर्यंत थांबवा. खराब सेक्टर शोधायला लावलं (/r) तर ते काम त्या ड्राइव्हचा कोपरा न् कोपरा वाचून काढतं, आणि थकलेल्या डिस्कला तेवढी दगदग सोसेलच असं नाही.

मग आकडे बघा. सी5 शून्य नसेल आणि आठवडाभरात वाढत असेल, तर डिस्क बदलायची. जुन्या लॅपटॉपमध्ये बहुतेक 2.5 इंची साटा (जुन्या हार्ड डिस्कच्याच जोडणीची) एसएसडी त्याच खोबणीत बसते. दुकानदार 'जैसे का तैसा क्लोन कर देंगे' म्हणाला तर नको सांगा, दुखऱ्या डिस्कवरून क्लोन मध्येच अडकतो. कोरं विंडोज टाकून घ्या, फोटो तुमच्या प्रतीवरून येतील.

तिन्ही ओळी शून्य निघाल्या तर माझा अंदाज चुकला, आणि पुढचा संशयित शोधावा लागेल. कसंही असलं तरी 05, सी5, सी7 या क्रमाने आकडे आणि अडकल्याच्या दोन-तीन वेळा इथेच खाली लिहा. भाच्यालाही वाचायला द्या, झाकण उघडायची वेळ आली तर स्क्रूड्रायव्हर त्याच्याच हातात द्यायचाय.