‘१,३१६ तक्रारी गायब केल्या’ या रिव्ह्यूवर आमचं उत्तर

नमस्कार.

उत्तराला चार दिवस लागले, कारण लिहायच्या आधी तुमच्या जुन्या बॅकअपवर सगळं काम पुन्हा चालवून बघायचं होतं. ते झालं. तुमचं नाव किंवा तुमच्या ग्राहकांचा तपशील इथे येणार नाही. तुमच्या परवानगीने काही आकडे मात्र देतोय, त्यांच्याशिवाय हे समजणार नाही.

इतर वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगतो. आम्ही डेटाबेसची कामं करतो. यांच्याकडे दुरुस्तीच्या तक्रारींचं एकच लांबलचक टेबल होतं, १८,४१२ ओळींचं. बिघाडाचा प्रकार प्रत्येक ओळीत शब्दांत लिहिलेला. आम्ही तो कॉलम काढून प्रकारांचं वेगळं लुकअप टेबल (नाव आणि त्याचा आयडी यांची यादी) केलं आणि मूळ टेबलात प्रकाराचा नुसता आयडी ठेवला. त्यानंतर प्रकारवार रिपोर्टची बेरीज आली १७,०९६. ‘न वापरलेले प्रकार’ हा दुसरा रिपोर्ट तर साफ कोरा. यांनी फोन केला तेव्हा आमच्याकडून उत्तर गेलं, ‘डेटा आहे तिथेच आहे.’ रिव्ह्यूत यांचं म्हणणं असं की एका टेबलात सगळं नीट चाललं होतं, तुकडे करायची गरजच नव्हती, आणि केलेच होते तर रिकाम्या जागी ‘इतर’ टाकून मोकळं व्हायला काय हरकत होती?

आधी आमची चूक. एकही तक्रार पुसली गेली नव्हती हे खरं आहे. पण ज्याच्या हातात रिपोर्ट आहे त्याला रिपोर्टात नसलेली तक्रार म्हणजे नसलेलीच तक्रार. ते उत्तर द्यायला नको होतं.

झालं असं. त्या १,३१६ ओळींत प्रकाराचा कॉलम नल, म्हणजे काहीच न भरलेला, होता. लुकअपसाठी नावांची यादी आम्ही डिस्टिंक्ट (तेच नाव पुन्हा आलं तरी एकदाच घेणारा शब्द) लावून काढली. डिस्टिंक्ट सगळे नल एकच धरतो, त्यामुळे लुकअपमध्ये बिननावाची एक ओळ तयार झाली आणि तिला आयडीही मिळाला. पुढच्या पायरीत नावाशी नाव जुळवून मूळ टेबलात आयडी भरले. तिथे नल नलशी जुळत नाही. एसक्यूएलमध्ये, म्हणजे डेटाबेसशी बोलायच्या भाषेत, ‘नल बरोबर नल’ याचं उत्तर ना खरं ना खोटं, ते ‘अज्ञात’ असतं. म्हणून त्या ओळींचा आयडी नलच राहिला. फॉरेन कीने (आयडी लुकअपमध्ये आहे ना, हे बघणाऱ्या अटीने) हूं की चूं केलं नाही, कारण नल असेल तर ती तपासतच नाही. शेवटी रिपोर्टात इनर जॉईन होता, दोन टेबलांतल्या जुळणाऱ्या ओळीच जोडणारा. त्याने जोडीदार नसलेल्या सगळ्या ओळी गाळल्या.

इनर जॉईनच्या जागी लेफ्ट जॉईन (जोडीदार नसला तरी मूळ ओळ ठेवणारा) घातला की सुटलं, असं आमच्याकडे काम करणाऱ्या मुलालाही वाटलं. बदल केला आणि बेरीज पुन्हा १७,०९६! कारण खाली वेअरमध्ये, म्हणजे ओळी गाळायच्या भागात, ‘प्रकार चालू असेल तरच’ अशी अट होती. ज्या ओळीला प्रकारच नाही तिच्यासाठी ही अटही अज्ञात, आणि वेअर फक्त ‘खरं’ असलेल्या ओळी ठेवतो. लेफ्ट जॉईनने दारातून आत घेतलेल्यांना वेअरने मागच्या दाराने बाहेर काढलं. आता अट आहे ‘प्रकार चालू असेल किंवा प्रकाराचा आयडी नल असेल’. बेरीज १८,४१२.

कोऱ्या रिपोर्टाचं कारण याहून जुनं आणि याहून लाजिरवाणं. ‘ज्यांचा आयडी तक्रारींच्या टेबलात नाही असे प्रकार दाखव’ ही क्वेरी (डेटाबेसला विचारलेला प्रश्न) नॉट इन, म्हणजे ‘यादीत नाही’, वापरून लिहिली होती. एखादा आयडी यादीत नाही असं ठामपणे म्हणायला त्याची यादीतल्या प्रत्येकाशी तुलना व्हावी लागते. यादीत एक जरी नल असला तरी तिथलं उत्तर अज्ञात, म्हणजे ‘नक्की नाही’ असं कुणाबद्दलच म्हणता येत नाही, आणि एकही ओळ बाहेर येत नाही. एरर नाही, इशारा नाही, नुसती शांतता. एक नल पुरला असता, इथे १,३१६ होते. जुळणारी ओळ सापडते का एवढंच बघणारा नॉट एक्झिस्ट्स वापरून क्वेरी पुन्हा लिहिली आहे. डेटाबेसवर पोट भरणाऱ्याला हे माहीत असायलाच हवं, यावर मी वाद घालणार नाही.

तुम्ही रिव्ह्यूत न लिहिलेली आणखी एक चूक आहे. तुम्ही फोनवर विचारलं होतंत, ‘या कोऱ्या, अर्धवट नावांच्या, मिळून २०७ तक्रारींच्या ओळी कसल्या?’ तेव्हा आम्ही उडवाउडवी केली. खरं उत्तर असं की आमच्या पहिल्या लुकअपमध्ये ३१ ओळी होत्या आणि त्यातल्या सहा ‘काहीच नाही’च्या होत्या: एक नल, एक रिकामी स्ट्रिंग (शून्य अक्षरांचा मजकूर), एक नुसती स्पेस, एक डॅश, एक ‘एनए’ आणि एक ‘माहीत नाही’. नल सोडून बाकीच्या पाचांना डेटाबेस खरीखुरी नावं समजतो, म्हणून त्या तक्रारी गळाल्या नाहीत. रिपोर्टात कोऱ्या, अर्धवट नावांनी मिरवत राहिल्या. (ओरॅकल हा डेटाबेस रिकाम्या स्ट्रिंगला नलच मानतो. तुमच्याकडे पोस्टग्रेस आहे, तिथे त्या दोन वेगळ्या गोष्टी.) यादी काढायच्या आधीच स्पेस छाटून हे सगळं नलवर आणायला हवं होतं. आता आणलं आहे आणि लुकअपमधल्या नावाच्या कॉलमवर ‘नल चालणार नाही’ अशी अटही घातली आहे. नुसती युनिक (‘एक नाव एकदाच’) अट पुरली नसती, कारण पोस्टग्रेस एरवी युनिक कॉलममध्ये कितीही नल चालवून घेतो.

आता ‘इतर’बद्दल. इथे मात्र मी तुमच्याशी सहमत नाही.

‘इतर’ हे उत्तर आहे. तंत्रज्ञ गेला, यंत्र उघडलं, बिघाड पाहिला आणि तो यादीतल्या कशातच बसला नाही, याला ‘इतर’ म्हणायचं. तुमच्या १,३१६ रिकाम्या ओळी एकेक करून चाळल्या तेव्हा निघालं ते असं. ८४२ ओळी नवीन यंत्र बसवून देण्याच्या भेटींच्या. तिथे बिघाडच नाही, मग प्रकार कुठून येणार? ३९१ तक्रारी अजून उघड्या आहेत, तंत्रज्ञ पोचलेलाच नाही. प्रकार असणार आहे, आज ठाऊक नाही इतकंच. उरलेल्या ८३ दुरुस्त्या होऊन बंद झाल्या आणि कुणी प्रकार लिहिलाच नाही. वरच्या २०७ तपासल्या तर त्याही याच जातीच्या निघाल्या, म्हणजे ८३ चे झाले २९०. या सगळ्यांवर ‘इतर’चा शिक्का मारला असता तर पुढच्या बैठकीत ‘इतर बिघाड एवढे का वाढले?’ असा प्रश्न आला असता, आणि त्याचं उत्तर ‘आपण नवीन यंत्रं जास्त बसवली’ असं निघालं असतं.

ही काही आमची नवी अक्कल नाही. रिलेशनल मॉडेल (डेटा टेबलांत मांडायची पद्धत) १९७० साली मांडणाऱ्या एडगर कॉड यांनीच पुढे रिकामेपणाच्या दोन वेगळ्या खुणा सुचवल्या होत्या. एक ‘लागू आहे पण माहीत नाही’ यासाठी, दुसरी ‘लागूच नाही’ यासाठी. एसक्यूएलच्या वाट्याला एकच नल आला, आणि तो फरक टेबलाची रचना करणाऱ्यावर येऊन पडला. तो आम्ही पहिल्या फेरीत केला नाही.

दुसऱ्या फेरीत केला आहे. बसवून देण्याच्या भेटीला प्रकार असूच शकत नाही, अशी अट टेबलावरच आहे. उघड्या तक्रारीत प्रकार नल राहू शकतो, नल असतो तो यासाठीच. बंद झालेल्या दुरुस्तीला प्रकार हवाच. जुन्या २९० साठी लुकअपमध्ये ‘नोंद केलेली नाही’ अशी स्वतंत्र ओळ आहे, आणि नवीन तक्रार भरताना ती निवडता येत नाही. या अटी लिहितानाही नलने एकदा चकवलंच. वेअरमध्ये अज्ञात म्हणजे बाहेर, पण चेकच्या अटीत (ओळ टेबलात घेताना तपासली जाते ती) अज्ञात म्हणजे आत. आमची पहिली अट ‘बंद असेल तर प्रकाराचा आयडी शून्यापेक्षा मोठा’ अशी होती आणि नलवाल्या ओळी तिच्यातून आरामात सुटत होत्या. ‘नल नसावा’ असं स्पष्ट लिहावं लागलं.

रिकाम्या जागांसाठी सरसकट ‘अज्ञात’ ओळ ठेवणारेही आहेत. डेटा वेअरहाऊसमध्ये (रिपोर्टांसाठी जमवलेल्या डेटाच्या साठ्यात) ती रूढ पद्धत आहे आणि तिथे आम्हीही तेच करतो. पण जिथे माणसं रोज हाताने नोंदी करतात तिथे ड्रॉपडाऊनमध्ये ‘अज्ञात’ दिसलं की महिन्याभरात तोच सर्वांत लोकप्रिय बिघाड होतो.

तुकडे करायची गरज होती का? जुन्या रिपोर्टाची बेरीज जुळत होती, कारण ग्रुप बाय (सारख्या नावांचे गट करणारा शब्द) सगळे नल एका गटात जमवतो. तळाशी एक कोरी ओळ यायची, तिच्याकडे कुणी बघत नव्हतं. पण त्याच रिपोर्टात ‘कॉम्प्रेसर’, ‘काँप्रेसर’ आणि ‘कंप्रेसर’ हे तीन वेगळे बिघाड होते. त्यासाठीच तुम्ही आमच्याकडे आला होतात.

पहिल्या बैठकीत तुम्ही म्हणालात, ‘प्रकार सगळ्यांनाच असतो’, आणि आम्ही ते वहीत उतरवून घेतलं. नल किती आहेत हे मोजणारी एक क्वेरी त्याच दिवशी चालवली असती तर हा रिव्ह्यू लिहायची वेळ आली नसती. आता कुठलाही कॉलम वेगळा काढण्याआधी आम्ही ती चालवतो आणि ‘इथे रिकामं असेल तर त्याचा अर्थ काय?’ हे नोंदी करणाऱ्या माणसाला विचारतो, मालकाला नाही. टेबल फोडायच्या आधीची आणि नंतरची ओळसंख्या, प्रत्येक रिपोर्टच्या बेरजेसकट, कामाबरोबर लेखी देतो.

दुसऱ्या फेरीचं काम बिलात धरलेलं नाही. त्या २९० तक्रारींची यादी काल तुम्हाला मेलने पाठवली आहे. तंत्रज्ञांच्या जुन्या जॉबशीट सापडल्या तर त्यांचे फोटो पाठवा, हस्ताक्षर कसंही असू दे, प्रकार आम्ही भरून देऊ. रिव्ह्यू बदला असं म्हणत नाही.