गुर्जर कुठून आले? आधी दगडावर काय कोरलंय ते तरी वाचा

परत तोच मेसेज फिरतोय, की गुर्जर, म्हणजे आजचे गुजर किंवा गुज्जर, मूळचे जॉर्जियाचे, कारण फारसीत जॉर्जियाला गुर्जिस्तान म्हणतात. आमच्या शहादा-तळोद्याकडच्या ग्रुपवर लोकांनी त्याखाली हात जोडलेत, अभिमान आहे वगैरे लिहिलंय. मला याचं खरंच वाईट वाटतं, कारण ज्या समाजाचा एवढा मोठा पुरावा याच मातीत पडलाय त्याला नुसत्या नावाच्या साम्यावरून काळ्या समुद्रापर्यंत कशाला न्यायचं?

आणि हे काही आजचं नाही. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी मुंबई गॅझेटियर संपादणाऱ्या ब्रिटिश अधिकारी कॅम्पबेलनं असंच खझर (कॅस्पियन समुद्राकडचे तुर्की लोक) आणि गुजर एकच म्हणून सांगितलं, आपल्या इतिहास संशोधक देवदत्त रामकृष्ण भांडारकरांसारख्या तयारीच्या माणसानंही ते उचलून धरलं. पुरातत्त्वज्ञ कनिंगहॅमला ते मध्य आशियातून आलेल्या कुशाणांपैकी वाटले, इतिहासकार व्हिन्सेंट स्मिथला तिकडूनच आलेल्या हूणांबरोबरचे. मग इतिहासकार चिंतामणराव वैद्य उलट बाजूनं उभे राहिले, की हे इथलेच आर्य, आणि आधार काय तर बराचसा चेहरेपट्टीचा. म्हणजे एकानं नावावरून ठरवायचं, दुसऱ्यानं नाकावरून. दोन्ही मला पटत नाही.

त्यातल्या त्यात हूणांचा मुद्दा विचार करण्यासारखा आहे. सहाव्या शतकाच्या आधी गुर्जर हे नाव नीटसं सापडत नाही आणि हूणांची धामधूमही त्याच सुमाराची. पण गुरं राखणाऱ्या माणसांचं नाव दगडावर कोण कोरणार होतं? त्यांच्यातून राजे झाले, दुसऱ्या राजांना त्यांचा त्रास व्हायला लागला, तेव्हा नाव लागलं. म्हणून पहिले उल्लेख सगळे लढाईतले. बाणभट्ट सांगतो की हर्षाच्या बापानं, प्रभाकरवर्धनानं, गुर्जरांची झोप उडवली. 634 च्या ऐहोळे शिलालेखात दुसऱ्या पुलकेशीपुढे नमलेल्यांत लाट (दक्षिण गुजरात), माळव्याबरोबर गुर्जर आहेत. त्यानंतर थोड्याच वर्षांत चिनी प्रवासी ह्युएन त्संग गुर्जर देशाची राजधानी म्हणून जे गाव सांगतो ते भिनमाळ, आजच्या राजस्थानातल्या जालोर जिल्ह्यातलं. गणिती ब्रह्मगुप्त याच भिनमाळचा, त्यानं 628 मध्ये आपला ग्रंथ लिहिला.

पण मला सगळ्यात जवळचा वाटतो तो राजोरचा लेख, अलवर जिल्ह्यातला, साल 960. मथनदेव नावाचा राजा महादेवाच्या देवळाला एक गाव दान देतोय आणि स्वतःचं कूळ गुर्जर-प्रतिहार सांगतोय. आणि त्याच दगडावर पुढे दानात काय काय आलं ते सांगताना गुर्जर कसत असलेली शेतं पण येतात! राजाही गुर्जर आणि नांगर धरणाराही गुर्जर, एकाच लेखात. गुजराती लेखक कन्हैयालाल मुन्शी म्हणायचे की गुर्जर हे देशाचं नाव, जातीचं नाही. राजाच्या बाबतीत तसं वाचता येईल कदाचित, पण त्या शेतकऱ्यांचं काय करणार? आजूबाजूचे सगळेच त्याच देशातले असताना त्यांनाच वेगळं गुर्जर का म्हटलं असेल?

आता भाषेचं बघा. जम्मू-काश्मीरच्या डोंगरातले गुज्जर आणि बकरवाल, पीर पंजाल ओलांडून उन्हाळ्यात वर जाणारे आणि थंडी लागली की खाली जम्मूकडे उतरणारे, त्यांची गोजरी ऐका. म्हारो, थारो! आजूबाजूला काश्मिरी, डोगरी, पहाडी आणि हे लोक बोलतात राजस्थानीच्या घरातलं. भाषातज्ज्ञ ग्रिअर्सननं भारताच्या भाषा सर्वेक्षणात तिला राजस्थानी गटातच बसवलंय. म्हणजे हे कधीतरी राजस्थानातून वर गेलेत, निदान तिथे पिढ्यान्‌पिढ्या राहून गेलेत. त्याआधी त्यांचे पूर्वज वायव्येकडून आले नव्हते असं यातून सिद्ध होत नाही, हे कबूल. पण 'उत्तरेकडून आले आणि खाली उतरले' ही सरळ रेघ मात्र मोडते. ज्यांचं अख्खं आयुष्य वर-खाली जाण्यात गेलं त्यांच्या स्थलांतराला एकच दिशा आणि एकच तारीख कशी असेल?

माझं मत विचाराल तर भिनमाळ-अबूच्या पट्ट्यात सहाव्या ते दहाव्या शतकात बऱ्याच टोळ्या, पशुपालक, शेतकरी, लढणारे मिळून हा समाज घडला, त्यात काही बाहेरचे असतीलही, आणि तिथून एक फाटा हिमालयात गेला, एक माळव्यातून नर्मदा-तापीकडे आला. आमच्याकडचे रेवा गुजर रेवा म्हणजे नर्मदेचं नाव लावतात आणि वडीलधारे भिनमाळचं नाव घेतात, ते उगीच नाही.

2021 मध्ये ग्वाल्हेरला आणि दादरीला प्रतिहार घराण्यातल्या मिहिरभोज राजाच्या पुतळ्यावरून जे झालं, पाटीवर गुर्जर लिहायचं की नाही यावरून गुर्जर आणि राजपूत समोरासमोर आले, ते बघून फार वाईट वाटलं. राष्ट्रकूट त्याच्या घराण्याला गुर्जर म्हणत होते, अरब जुर्ज म्हणत होते, आणि त्याची स्वतःची ग्वाल्हेर प्रशस्ती, म्हणजे स्तुतीचा कोरीव लेख, वंश नेते थेट लक्ष्मणापर्यंत. नवव्या शतकातल्या राजाला आजच्या जातीच्या दाखल्यात कोंबायला जाल तर कुठल्याच बाजूला नीट बसणार नाही तो.

तर जॉर्जियाचा मेसेज फॉरवर्ड करण्याआधी एक काम करा. ज्यांच्या घरी भाटाच्या, म्हणजे वंशावळ लिहिणाऱ्याच्या, वह्या असतील त्यांनी पानांचे नीट फोटो काढून ठेवा, आणि घरात गुजरी, म्हणजे आपली गुजरांची बोली, बोलणारी आजी असेल तर तिचं बोलणं मोबाईलवर रेकॉर्ड करा. कुणाकडे आधीच असेल तर कमेंटमध्ये सांगा, मला ऐकायचंय.