एल्व्हिसची कंबर आणि बाकीच्या दंतकथा

अमेरिकन रॉक गायक एल्व्हिस प्रेस्लीचा एक कृष्णधवल फोटो आणि त्याखाली सात-आठ ओळी. हा मजकूर वर्षानुवर्षं फिरतोय आणि दर वेळी त्यावर टाळ्या पडतात. त्याचा सारांश असा: १९५० च्या दशकात अमेरिकेत रॉक अँड रोल आलं आणि देवभोळे म्हातारे हादरले. एल्व्हिसची गाताना हलणारी कंबर टीव्हीवर दाखवायला बंदी घातली गेली. पहिल्याच कार्यक्रमात दंगल झाली. हे संगीत वाजवणाऱ्या अ‍ॅलन फ्रीड या रेडिओ निवेदकाला तुरुंगात डांबलं. पण काळे-गोरे तरुण एकत्र नाचले, वर्णभेदाची भिंत पडली, म्हातारे हरले आणि तरुण जिंकले.

हे संगीत मला मनापासून आवडतं. म्हणूनच ही गोष्ट जास्त खटकते. तिच्यात विरोधकांना नुसतं बावळट ठरवलंय, आणि ज्यांनी खरी किंमत मोजली त्यांचा पत्ताच नाही.

कंबरेपासून सुरुवात करू, कारण तो मुद्दा झटपट निकालात निघतो. एड सुलिव्हनच्या टीव्ही कार्यक्रमात एल्व्हिस तीनदा आला: ९ सप्टेंबर १९५६, २८ ऑक्टोबर १९५६ आणि ६ जानेवारी १९५७. पहिला कार्यक्रम सुमारे सहा कोटी लोकांनी पाहिला. त्या दिवशी सुलिव्हन स्वतः नव्हताच, मोटार अपघातातून बरा होत होता. कॅमेरा पूर्ण वेळ कंबरेच्या वर राहिला तो फक्त तिसऱ्या वेळी. म्हणजे जे झाकायचं होतं ते देशाने आधीच पोटभर पाहिलं होतं. त्याच तिसऱ्या कार्यक्रमाच्या शेवटी सुलिव्हनने हा अगदी सभ्य, गुणी मुलगा आहे असं प्रशस्तिपत्रही देऊन टाकलं. खरा गदारोळ त्याआधी, जून १९५६ मध्ये मिल्टन बर्लच्या टीव्ही कार्यक्रमातल्या एल्व्हिसच्या नाचानंतर झाला होता. त्यावर उपाय म्हणून जुलैत स्टीव्ह अ‍ॅलनने आपल्या टीव्ही कार्यक्रमात एल्व्हिसला कोट-टाय घालून एका बॅसेट हाउंड कुत्र्यासमोर गायला उभं केलं. बंदीपेक्षा हे अपमानास्पद होतं असं मला वाटतं, पण बंदी ती नव्हे.

"पहिल्याच रॉक कार्यक्रमात दंगल झाली." हा कार्यक्रम म्हणजे २१ मार्च १९५२ चा क्लीव्हलँडमधला मूनडॉग कॉरोनेशन बॉल, आयोजक अ‍ॅलन फ्रीड. हॉलची क्षमता सुमारे दहा हजार, आणि लोटलेली गर्दी त्याच्या दुपटीच्या घरात. बनावट तिकिटं सुटली होती आणि छपाईतही घोळ झाला होता. हातात तिकीट असलेली माणसं बाहेर राहिली, दरवाजे तुटले, आणि जेमतेम सुरू झालेला कार्यक्रम थांबवावा लागला. याला दंगल म्हणायचं तर आपल्याकडे सणासुदीला कुठल्याही स्टेशनवर रोज दंगल होते. पण जमाव जवळजवळ पूर्ण कृष्णवर्णीय होता, आणि अशा जमावाच्या चेंगराचेंगरीला वर्तमानपत्रात दुसरंच नाव मिळतं.

ब्रिटनमध्ये १९५६ साली अमेरिकन रॉक गायक बिल हेलीच्या चित्रपटाच्या वेळी काही थिएटरांत खुर्च्या फाडल्या गेल्या हे खरं आहे. काही गावांनी चित्रपटच बंद केला, हेही खरं. बहुतेक ठिकाणी मात्र पोरं खुर्च्यांमधल्या वाटेत नाचली, एवढाच काय तो गुन्हा.

आता "देवभोळे म्हातारे". इथे जरा थांबायला हवं, कारण विरोध करणारे भोळे अजिबात नव्हते.

एसा कार्टर हे नाव त्या मजकुरात कधीच नसतं. दक्षिणेतल्या अलाबामा राज्यातल्या, वर्णविभाजन टिकवू पाहणाऱ्या गोऱ्यांच्या सिटिझन्स कौन्सिलचा हा पुढारी. वय तिशीचं, म्हणजे म्हातारा तर नाहीच. १९५६ मध्ये त्याने ज्यूकबॉक्समधून, म्हणजे नाणं टाकून गाणी वाजवणाऱ्या यंत्रांतून, हे संगीत हटवण्याची मोहीम काढली. त्याचं म्हणणं स्वच्छ होतं: रॉक अँड रोल म्हणजे गोऱ्या मुलांना कृष्णवर्णीयांच्या जवळ आणण्याचा कट आहे. दोनच वर्षांपूर्वी, मे १९५४ मध्ये, सुप्रीम कोर्टाने शाळांमधलं वर्णविभाजन घटनाबाह्य ठरवलं होतं. अलाबामातल्याच बर्मिंगहॅमपासून दीडशे किलोमीटरवर, माँटगोमेरीत, बसमधल्या वर्णविभाजनाविरुद्ध बहिष्कार सुरू होता. कार्टरला कंबरेशी घेणं-देणं नव्हतं. एका हॉलमध्ये, एका तालावर कोण कोणाशेजारी उभं राहील, हे तो पाहत होता.

आणि १० एप्रिल १९५६ ला त्याच्या माणसांनी ज्याच्यावर हल्ला केला, तो रॉक गायक नव्हताच! बर्मिंगहॅमच्या म्युनिसिपल ऑडिटोरियममध्ये नॅट किंग कोल गात होता. मखमली आवाज, संथ प्रेमगीतं, अंगावर उत्तम शिवलेला सूट. त्या काळात कुठल्याही आजीने पसंत केला असता असा गायक. साथीला टेड हीथचा इंग्लिश वाद्यवृंद. समोर फक्त गोरे श्रोते, कारण कृष्णवर्णीयांसाठी त्याच रात्री दुसरा खेळ ठेवलेला होता. म्हणजे अलाबामाचे सगळे नियम पाळून चाललेला कार्यक्रम. तरीही काही जण मधल्या वाटेने धावत आले, स्टेजवर चढले आणि त्याला खाली पाडलं. पोलिसांना आधीच कुणकुण लागली होती म्हणून थोडक्यात निभावलं. कोल थोड्या वेळाने बाहेर आला, लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या, पण त्याला पुढे गाता आलं नाही. रात्रीचा दुसरा खेळ मात्र त्याने केला.

कोलचा जन्म माँटगोमेरीचा, म्हणजे हल्ला त्याच्याच राज्यात झाला. वर कृष्णवर्णीयांच्या वृत्तपत्रांनी त्यालाच धारेवर धरलं, की विभागलेल्या हॉलमध्ये गायलास कशाला. आक्षेप संगीताला असता तर या माणसाला हात लावायचं कारणच नव्हतं. कार्टरचं पुढे काय झालं? जानेवारी १९६३ मध्ये अलाबामाचा गव्हर्नर जॉर्ज वॉलेसने शपथविधीला वर्णविभाजन कायमचं राहील अशी गर्जना केली, ते भाषण लिहिणाऱ्यांत कार्टर होता. नंतर तो नाव बदलून, स्वतःला चेरोकी वंशाचा म्हणवत, लोकप्रिय लेखकही झाला. तो वेगळाच किस्सा आहे.

विरोधकांचा दुसरा गट तर चक्क गीतकार आणि संगीत प्रकाशकांचा. रेडिओवर गाणं वाजलं की मानधन गोळा करून देणाऱ्या तिथे दोन संस्था होत्या. अ‍ॅस्कॅप १९१४ ची, ब्रॉडवे आणि हॉलिवूडच्या प्रतिष्ठित गीतकारांची. बीएमआय १९३९ ची, रेडिओवाल्यांनी तिला शह द्यायला काढलेली. कृष्णवर्णीयांची ब्लूज आणि ग्रामीण गोऱ्यांची कंट्री गाणी लिहिणाऱ्यांना अ‍ॅस्कॅपने बराच काळ दारात उभं केलं नव्हतं, म्हणून ते बीएमआयकडे गेले. मग रॉक अँड रोल वाजायला लागल्यावर मानधनाचा ओघही तिकडे वळला. १९५६ पासून काँग्रेसच्या, म्हणजे अमेरिकी संसदेच्या, समित्यांपुढे अ‍ॅस्कॅपची बडी मंडळी, बिली रोजसारखी, येऊन सांगू लागली की हे संगीत टाकाऊ आहे आणि रेडिओवाले ते लोकांच्या माथी मारताहेत. अभिरुचीच्या गप्पा चालू होत्या, खाली हिशेबाची वही उघडी होती.

विरोध करणारा प्रत्येक जण वर्णद्वेष्टा किंवा पैशाचा भुकेला होता असंही मी म्हणणार नाही. आपल्याकडे त्याच काळात बाळकृष्ण विश्वनाथ केसकर, जन्माने पुण्याचे, माहिती व नभोवाणी मंत्री होते. त्यांच्या कारकिर्दीत आकाशवाणीवरून चित्रपटगीतं जवळपास हद्दपार झाली. केसकरांना शास्त्रीय संगीताची खरी कळकळ होती. लोकांनी काय केलं, तर सुई रेडिओ सिलोनवर नेली. अखेर ऑक्टोबर १९५७ मध्ये विविध भारती सुरू करावी लागली. त्याच वर्षी सी. रामचंद्रांचं 'ईना मीना डीका' गल्लोगल्ली वाजत होतं. जाणकार माणूसही श्रोत्यांना ओळखायला चुकतो, त्यासाठी बावळट असावं लागत नाही.

"अ‍ॅलन फ्रीडला रॉक वाजवल्याबद्दल तुरुंगात टाकलं." नाही. मे १९५८ मध्ये बॉस्टनच्या कार्यक्रमानंतर त्याच्यावर दंगलीला चिथावणी दिल्याचा आरोप ठेवला गेला, पुढे तो मागे घेतला गेला. त्याला संपवलं ते पेओलाने, म्हणजे रेकॉर्ड वाजवण्यासाठी कंपन्यांकडून पैसे घेण्याच्या प्रकरणाने. ही पद्धत रेडिओपेक्षाही जुनी. १९६० पर्यंत ती केंद्रीय कायद्याने गुन्हा नव्हती, म्हणून खटला न्यूयॉर्क राज्याच्या व्यापारी लाचखोरीच्या कायद्याखाली चालला. १९६२ मध्ये त्याने दोन आरोप कबूल केले. दंड ३०० डॉलर, कैद स्थगित. २० जानेवारी १९६५ ला तो गेला, वय ४३. साधूही नव्हता तो: कृष्णवर्णीय रॉक गायक चक बेरीच्या 'मेबलीन' या गाण्यावर सहलेखक म्हणून फ्रीडचं नाव होतं, आणि ते त्याने लिहिलेल्या ओळींसाठी पडलेलं नव्हतं.

पण फ्रीडच्या शेजारी डिक क्लार्क या टीव्ही निवेदकाला उभं केलं की चित्र बदलतं. जुलै १९५७ मध्ये फ्रीडचा टीव्ही कार्यक्रम एबीसी या देशव्यापी वाहिनीवर सुरू झाला. एका भागात चौदा वर्षांचा कृष्णवर्णीय गायक फ्रँकी लायमन कॅमेऱ्यासमोर एका गोऱ्या मुलीबरोबर नाचला. दक्षिणेतल्या स्टेशनांनी आरडाओरडा केला आणि काही आठवड्यांत कार्यक्रम गुंडाळला गेला. त्याच उन्हाळ्यात, ५ ऑगस्टपासून, त्याच एबीसीने फिलाडेल्फियाहून डिक क्लार्कचा 'अमेरिकन बँडस्टँड' देशभर दाखवायला घेतला. स्टुडिओच्या आसपास कृष्णवर्णीयांची मोठी वस्ती. तिथली मुलं दाराशी यायची, पण प्रवेशाचे नियम असे वाकवले जायचे की आत नाचणारे चेहरे जवळपास सगळे गोरे. गाणारे कृष्णवर्णीय चालायचे, नाचणारे नाही. क्लार्क मात्र पुढे आयुष्यभर सांगत राहिला की आपणच कार्यक्रमात वर्णभेद मोडला.

पेओलाच्या संसदीय चौकशीत क्लार्कच्या रेकॉर्ड आणि प्रकाशन कंपन्यांतल्या भागीदाऱ्या बाहेर आल्या. त्या त्याने विकल्या, समितीच्या अध्यक्षांकडून कौतुक ऐकलं आणि तो पुढची काही दशकं टीव्हीवर राहिला. दोघांची वागणूक सारखी नव्हती हे मान्य. पण काळ्या-गोऱ्यांना एका चौकटीत दाखवणारा कोण आणि न दाखवणारा कोण, हे विसरून त्यांच्या नशिबाचा अर्थ लागत नाही.

आता सर्वांत लाडका दावा: "या संगीताने वर्णभेदाची भिंत पाडली." गोरी मुलं कृष्णवर्णीयांच्या रेकॉर्ड विकत घेऊ लागली, काळ्या-गोऱ्यांना वेगळं ठेवायला हॉलमध्ये बांधलेले दोर काही रात्री खरंच ओलांडले गेले. हे घडलं, आणि ते लहान नव्हतं. पण लाव्हर्न बेकर या कृष्णवर्णीय गायिकेला विचारा. तिचं 'ट्वीडली डी' बाजारात चढत होतं, तेवढ्यात मर्क्युरी या रेकॉर्ड कंपनीने जॉर्जिया गिब्ज या गोऱ्या गायिकेकडून तेच गाणं गाऊन घेतलं. सूर तेच, वाद्यांची मांडणी तीच. बेकरच्या रेकॉर्डवर काम केलेल्या टॉम डाउड या ध्वनिमुद्रकालाही बोलावणं गेलं. तो गेला नाही. गिब्ज लोकप्रिय गाण्यांच्या यादीत दुसऱ्या क्रमांकापर्यंत गेली, बेकर चौदाव्यावर थांबली. स्वरांच्या मांडणीला कायद्याचं संरक्षण नव्हतं. म्हणून १९५५ मध्ये बेकरने मिशिगनचे काँग्रेस सदस्य चार्ल्स डिग्ज यांना पत्र लिहून कायदा बदलायची मागणी केली. कायदा बदलला नाही. भिंत म्हणायचीच तर ती अशी होती: गाणं पलीकडे जायचं, गाणारी अलीकडेच राहायची.

आर्थर क्रडप या कृष्णवर्णीय ब्लूज गायकाचंही तेच. त्याचं गाणं गाऊन १९५४ मध्ये एल्व्हिसची पहिली रेकॉर्ड निघाली. क्रडप मजुरी करत राहिला, आणि १९७४ मध्ये गेला तोवर हक्काची पूर्ण रॉयल्टी त्याच्या हातात पडली नव्हती.

चक बेरीचं प्रकरण जरा जपून सांगायला हवं. डिसेंबर १९५९ मध्ये त्याला अटक झाली, ती चौदा वर्षांच्या मुलीला राज्याबाहेरून आणल्याबद्दल. आरोप गंभीर होता आणि त्यावर पांघरूण घालायचं कारण नाही. पण पहिली शिक्षा वरच्या कोर्टाला रद्द करावी लागली, कारण न्यायाधीशाचे वर्णद्वेषी शेरे नोंदीतच होते. पुन्हा खटला चालला आणि बेरी तुरुंगात गेला. जेरी ली लुईस या गोऱ्या रॉक गायकाने बाविसाव्या वर्षी नात्यातल्या भावाच्या तेरा वर्षांच्या मुलीशी लग्न केलं. १९५८ चा इंग्लंड दौरा बुडाला, मानधन कोसळलं, रेडिओने पाठ फिरवली. तुरुंग मात्र नाही.

कायदेशीर विभाजन पडलं ते कोर्टात, रस्त्यावर आणि संसदेत. माँटगोमेरीत लोक ३८१ दिवस बसमध्ये चढले नाहीत. लुइझियानाने १९५६ मध्ये काळ्या-गोऱ्यांना एकत्र खेळायला आणि नाचायला बंदी करणारा कायदा केला, तो एका मुष्टियोद्ध्याने कोर्टात जाऊन मोडून काढला. नागरी हक्क कायदा २ जुलै १९६४ चा. त्यानंतरही सप्टेंबर १९६४ मध्ये फ्लोरिडातल्या जॅक्सनव्हिलला प्रेक्षक वेगवेगळे बसवणार असाल तर वाजवणार नाही, असं बीटल्सना जाहीर सांगावं लागलं. एल्व्हिसच्या पहिल्या रेकॉर्डला तेव्हा दहा वर्षं होऊन गेली होती.

राहिलं "म्हातारे हरले". आधीच्या पिढीचा लाडका गायक फ्रँक सिनात्राने १९५७ मध्ये रॉक अँड रोलबद्दल लिहिलं होतं की याहून ओंगळ, हिडीस अभिव्यक्ती आपण कधी ऐकलेली नाही. मार्च १९६० मध्ये एल्व्हिस लष्करातून परत आला, तेव्हा त्याचं टीव्हीवर स्वागत कोणी केलं? सिनात्राने, मायामीच्या एका आलिशान हॉटेलात, एल्व्हिसला टक्सिडो घालून आणि काही मिनिटांचे सव्वा लाख डॉलर मोजून. दोघांनी एकमेकांची गाणी गायली. त्या वेळी चक बेरी खटल्याला तोंड देत होता, आणि अ‍ॅलन फ्रीडची एबीसीच्या न्यूयॉर्क रेडिओवरची नोकरी जाऊन काही महिने झाले होते.