आमचा डबा, त्याचा डबा

माझ्याकडे कोणत्या कंपनीचा कन्सोल, म्हणजे टीव्हीला जोडून गेम खेळायचा डबा, आहे ते मी सांगणार नाही. सांगितलं की निम्मे वाचक इथूनच उठून जातील आणि उरलेले निम्मे मी काहीही लिहिलं तरी माना डोलावतील. मेव्हण्याकडे दुसऱ्या कंपनीचा आहे, एवढं कळलं तरी पुरे. लग्नाआधी बऱ्याच चौकश्या केल्या होत्या, ही एक राहून गेली.

सकाळी मी दात घासत असतानाच त्याचा फोन येतो. "दाजी, बातमी बघितलीत?" त्याच्या सुरावरूनच कळतं की आज आमची कंपनी तोंडावर आपटलीय. मी तोंडातला फेस सांभाळत "बघितली, त्यात काय विशेष?" म्हणतो. बघितलेली नसते. मग तसाच उभा राहून ती शोधायची, वाचायची आणि तिच्यात आपला विजय कुठे दडलाय ते हुडकून काढायचं. विजय असतोच. आमच्यांनी गेम पुढे ढकलला, तर दर्जाशी तडजोड नाही. त्यांच्यांनी ढकलला, तर बघा, झेपत नाहीये त्यांना.

आमच्यातली सगळ्यात मोठी लढाई टेराफ्लॉपवरून झाली. ग्राफिक्स चिप एका सेकंदात किती गणितं करते त्याचा हा हिशोब. एक टेराफ्लॉप म्हणजे एकावर बारा शून्यं. 2013 मध्ये सोनीच्या प्लेस्टेशन 4 चा आकडा होता 1.84 आणि मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्स वनचा 1.31. तेव्हा आमच्यापैकी एकजण तो आकडा जपासारखा म्हणत फिरायचा आणि दुसरा म्हणायचा, "आकड्यांत काय असतं, गेममध्ये जीव पाहिजे." 2020 मध्ये पुढची पिढी आली. एक्सबॉक्स सिरीज एक्स 12, प्लेस्टेशन 5 10.28. ज्याला जीव हवा होता त्याला रातोरात गणिताची गोडी लागली आणि गणितवाला म्हणायला लागला, "खरी गंमत एसएसडीच्या, म्हणजे गेम साठवणाऱ्या ड्राइव्हच्या, वेगात असते." सात वर्षांपूर्वी आपण काय बोललो होतो हे दोघांनाही आठवत नव्हतं. समोरचा काय बोलला होता ते मात्र शब्दन् शब्द पाठ होतं.

शेवटी एका रविवारी तो आपला कन्सोल पिशवीत घालून घरी आला. एकच टीव्ही, एकच गेम, आळीपाळीने दोन्ही डब्यांवर. रात्रीचा रस्ता, पाऊस, रस्त्यात एक डबकं आणि डबक्यात लाल पाटीचं प्रतिबिंब. मी गुडघ्यांवर बसून टीव्हीला नाक लावलं. "हे बघ, तुझ्यात पाटीची कड फाटतेय."

"फाटत नाहीये दाजी, पाण्यावर तरंग आहेत ते."

"मग माझ्यात का नाहीत?"

"तेच तर म्हणतोय!"

निकालासाठी बायकोला बोलावलं. तिने दोन्ही नीट पाहिलं. "अहो, तो माणूस दोन्हीकडे भिजतोय की. छत्री का घेत नाही?"

तेवढ्यात माझ्या कंट्रोलरने घात केला. त्याची डावी स्टिक सरकते; म्हणजे कुणी हात लावला नाही तरी नायक आपला डावीकडे चालू लागतो. तो चालत चालत भिंतीला जाऊन भिडला आणि तिथेच पाय आपटत राहिला. मेव्हणा बघत होता. "उतार आहे तिथे," मी म्हणालो. "तुझ्यात एवढं बारीक दाखवत नाहीत."

ज्या कंपन्यांसाठी हे चाललंय त्यांची आपसातली निष्ठा काय वर्णावी! 1991 मध्ये सोनीने जाहीर केलं की निन्टेन्डोबरोबर सीडीवर चालणारं मशीन काढतोय. दुसऱ्याच दिवशी निन्टेन्डोने फिलिप्सबरोबर हातमिळवणी जाहीर केली. त्या रागातून पुढे 1994 मध्ये प्लेस्टेशन जन्माला आला. सेगाने तर नव्वदच्या दशकात निन्टेन्डोला जाहिरातींतून नाव घेऊन डिवचलं, 2001 च्या जानेवारीत कन्सोलचा धंदा सोडत असल्याचं सांगितलं आणि त्याच डिसेंबरात त्यांच्या गेमचा नायक सॉनिक निन्टेन्डोच्या गेमक्यूब कन्सोलवर धावत होता. सॉनिकसाठी ज्यांनी मैत्र्या तोडल्या त्यांनी त्या रात्री काय केलं असेल, हा विचार मला अधूनमधून छळतो.

आम्ही दोघं एकत्र येतो ते फक्त 'जीटीए 6' या गेमच्या बातमीला. डिसेंबर 2023 च्या पहिल्या ट्रेलरमध्ये गेम येण्याचं साल 2025 लिहिलं होतं. मग 26 मे 2026 झालं, मग 19 नोव्हेंबर 2026. दोन्ही वेळा मेव्हण्याने फोन केला तेव्हा सूर वेगळा होता, घरात काही बरंवाईट झाल्यावर असतो तसा. दोन्ही वेळा मी म्हणालो, "चालायचंच."

आणि मग आपल्या डब्याचा गेम दुसऱ्याच्या डब्यावर जायचा तो दिवस आला. हे हल्ली कुणालाही चुकलेलं नाही. सोनीचा 'हेलडायव्हर्स 2' हा गेम 2025 च्या ऑगस्टमध्ये एक्सबॉक्सवर गेला. इतकी वर्षं एक्सबॉक्सचं कुलदैवत असलेला 'हेलो' प्लेस्टेशनवर येणार, हे त्याच ऑक्टोबरात जाहीर झालं. तसाच आमचाही एक गेम गेला. कोणता ते विचारू नका. 'हा आहे म्हणून आमचा डबा आहे' असं मी वर्षानुवर्षं ज्याच्या जिवावर ऐकवत आलो, तो. सकाळी फोन वाजला. मी ब्रश बाजूला ठेवला आणि तो काही बोलायच्या आत म्हणालो, "चांगलंच झालं. कला सगळ्यांची असते." पलीकडे बराच वेळ काही आवाज नाही. माझ्या तोंडून असलं वाक्य ऐकायची त्याला सवय नव्हती. मलाही नव्हती.

त्याने गेम पहिल्याच दिवशी घेतला. आठवडाभर फोन नाही. मग एका रात्री साडेअकराला आला, आवाजात चक्क आदर. "दाजी, मानलं. गेम खरंच जबरदस्त आहे. एक मदत हवी होती. किल्ल्यातला तो दोन भाल्यांचा बॉस कसा मारायचा हो?"

किल्ला? मी कपाटाकडे पाहिलं. आमच्या डब्याची शान तिथे उभी होती, अजून प्लॅस्टिकच्या वेष्टनात. बातम्या वाचण्यातून वेळ कुठे मिळतो?

"दाजी? आहात ना?"

"आहे," मी म्हणालो. "तो ना, तुमच्यात मुद्दाम अवघड केलाय."