डबा रिकामा जाता कामा नये

अमेरिकेत म्हाताऱ्या माणसाला घर खायला उठतं, असं मला वेंगुर्ल्यात ज्यांनी ज्यांनी सांगितलं, त्यांच्यापैकी एकाच्याही शेजारी फिलिपिनो राहत नव्हता. मी मात्र त्यांच्यावर विश्वास ठेवून एकटेपणाची जय्यत तयारी करून आलो होतो. एक अख्खी बॅग पुस्तकांची. त्यातलं तिसरं पुस्तक अजून अर्धं आहे आणि खूण म्हणून त्यात घातलेल्या कागदी रुमालाला तळणीचा वास येतो.

लेकीचं घर डेली सिटीत. सॅन फ्रान्सिस्कोच्या दक्षिणेला अगदी लागून असलेलं, बाराही महिने धुक्यात तोंड लपवून बसलेलं गाव. इथला साधारण दर तिसरा माणूस फिलिपिनो. गावातला जुना विनोद असा, की इथलं धुकं समुद्रावरून येतच नाही. संध्याकाळी सगळ्या फिलिपिनो घरांतले भाताचे कुकर एकदम लागतात, त्याची ती वाफ. मला हे पहिल्यांदा सांगितलं ते शेजारच्या कुयाने. त्यानंतर त्याने ते मला आणखी चौदा वेळा सांगितलंय.

‘कुया’ म्हणजे दादा. त्याच्या बायकोला सगळे ‘आते’ म्हणतात. तिकडे आते म्हणजे थोरली बहीण. आमच्या हिने पहिल्याच दिवशी हा शब्द ऐकला आणि सत्तरीच्या त्या बाईला आपल्या वडिलांची बहीण मानून वाकून नमस्कार केला. आतेनेही उजव्या हाताची पालथी बाजू हिच्या कपाळाला टेकवली, कारण त्यांच्यात थोरांचा आशीर्वाद असाच घेतात. दोघींचाही गैरसमज झाला आणि दोघींचंही काम झालं.

मी बँकेतून निवृत्त झालेला माणूस. चौतीस वर्षं दुसऱ्यांची खाती जुळवली. त्यामुळे आम्ही राहायला आल्यावर तिसऱ्याच दिवशी जे खातं उघडलं गेलं, ते बंद कसं करायचं हे मला कळायला हवं होतं.

त्या दिवशी दारावरची घंटा वाजली. बाहेर डोक्याला नौदलाची टोपी, पायात सपाता आणि हातात आइस्क्रीमचा मोठा डबा असा कुया उभा. ‘कसे आहात’ नाही, ‘कुठून आलात’ नाही, पहिला प्रश्न ‘जेवलात का?’ हा प्रश्न कोकण सोडल्यापासून मला कुणी विचारला नव्हता. मी विरघळलो. डब्यावर व्हॅनिलाचं चित्र होतं. मला साखरेचा त्रास, ही देवळात गेलेली, घरात कोणी नाही. मी चमचा घेऊन बसलो आणि झाकण उघडलं.

आत सुकी मासळी होती.

ज्याच्या घरी कधी काळी बिस्किटांच्या गोल पत्र्याच्या डब्यात सुईदोरा निघालाय, त्याला हे दुःख नवीन नाही. पण खरं सांगतो, पाचव्या मिनिटाला मी तवा तापवला होता आणि दहाव्या मिनिटाला छतावरचा धुराचा भोंगा गावाला सांगत होता, की वेंगुर्लेकर जेवायला बसले. पंख्यासारखं वर्तमानपत्र हलवत मी स्टुलावर उभा असताना ही परत आली. तिने मासळीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि रिकाम्या होत आलेल्या डब्याकडे पाहून एकच वाक्य म्हणाली, ‘‘डबा रिकामा देऊ नये हां.’’

इथे माझं नशीब फिरलं. दुसऱ्या दिवशी आइस्क्रीमच्या डब्यातून नारळाच्या वड्या गेल्या. संध्याकाळी त्याच डब्यातून पान्सित आलं, म्हणजे त्यांच्या शेवया. वाढदिवसाला लांब शेवया खाल्ल्या की आयुष्य लांबतं असं ते मानतात. ‘‘मांस नाही ना?’’ असं हिने विचारलं होतं. ‘‘छे छे, मांस अजिबात नाही,’’ आते म्हणाली, ‘‘फक्त कोंबडी आणि कोळंबी.’’ शेवया पोचल्या म्हणून घावणे गेले. घावण्यांवर उतारा म्हणून लुंपिया आले, बोटाएवढे तळलेले रोल, तेही पन्नास. पन्नासाच्या खाली लुंपिया करायची त्यांच्यात पद्धतच नसावी. महिन्याभरात त्यांचे चार डबे आमच्याकडे आणि आमचे तीन त्यांच्याकडे अशी स्थिती झाली. मी फ्रीजवर कागद लावून जमा-खर्च लिहायला घेतला. ताळेबंद एकदाही जुळला नाही.

मी एकदा कुयाला विनवलं, की दादा, आता आपण हिशेब मिटवू. तो गंभीर झाला. त्यांच्यात म्हणे ‘उतांग ना लोओब’ असतं, आतलं ऋण. कुणी आपल्यासाठी काही केलं की ते मनात राहतं आणि फिटत नाही. ‘‘आणि फिटलं तर?’’ मी विचारलं. ‘‘मग पारे, आपली ओळख काय राहिली?’’ पारे म्हणजे आपलं ‘गड्या’. बँकेच्या भाषेत हे सरळसरळ बुडीत खातं. पण असं आनंदाने चालवलेलं बुडीत खातं मी आयुष्यात पाहिलं नव्हतं.

कुयाचा यात फारसा दोष नाही. माणसांना वाढणं हा त्याचा पेशाच होता. १९६८ साली फिलिपिन्सच्या काविते प्रांतातल्या सँगली पॉइंटच्या तळावर तो अमेरिकन नौदलात भरती झाला. त्या काळी फिलिपिनो पोरांना तिथे जवळपास एकच दार उघडं असे, स्टुअर्डचं. म्हणजे अधिकाऱ्यांचं जेवण रांधायचं, वाढायचं, बूट चमकवायचे, अंथरुणं घालायची. कॉलेजात शिकलेली पोरंसुद्धा ताटं उचलत. हे सांगताना त्याचा आवाज चढत नाही. ‘‘वीस वर्षं मी ज्यांना वाढलं, त्यातल्या एकानेही मला ‘जेवलास का’ विचारलं नाही,’’ एवढंच म्हणतो आणि तुमच्या ताटात आणखी एक डाव भात पडतो. आते नर्स. १९६५चा इमिग्रेशनचा कायदा आल्यावर तिकडून नर्सांची रांगच्या रांग आली, त्यात ती. जन्मभर रात्रपाळी केली, त्यामुळे अजूनही तिला रात्री दोन वाजता भूक लागते आणि दोन वाजता ती स्वयंपाक करते. वास आमच्या बेडरूममध्ये येतो.

श्रावण लागला तेव्हा मला वाटलं, आता सुटलो. मी कुयाला समजावलं, की महिनाभर मांस-मच्छी बंद, धार्मिक कारण आहे. त्याला क्षणात कळलं. ‘‘म्हणजे तुमचा लेंट!’’ त्यांच्यातही ईस्टरच्या आधी शुक्रवारी मांस वर्ज्य, आणि मग त्या दिवशी मुगाचं कालवण. झालं, संध्याकाळी मूग आले. मुगांत शेवग्याचा पाला, ज्याला ते मलुंगाय म्हणतात. हिच्या डोळ्यांत पाणीच आलं. शेवग्याचा पाला, आणि तोही कॅलिफोर्नियात! दोन घास खाऊन ती म्हणाली, ‘‘वरून घातलेली ही कुरडई काय खुसखुशीत आहे!’’ मी आतेला विचारून आलो. ती कुरडई नव्हती. ती डुकराची तळलेली साल होती. ही गोष्ट मी हिला अजून सांगितलेली नाही. ही लेख वाचत नाही, म्हणून इथे सांगतोय.

पार्टीबद्दल लिहायचं तर वेगळा लेख होईल. पाच वाजता बोलावलं म्हणून पाचला गेलो, तर यजमान आंघोळीला गेले होते. तरीही मला मनातून घरी आल्यासारखं वाटलं. पाहुण्यांची ओळख करून दिली. ऐंशी वर्षांचा ‘बॉय’, अठ्ठ्याहत्तर वर्षांची ‘बेबी’ आणि गुडघ्याच्या दोन्ही वाट्या बदललेला ‘जून-जून’. लेक हसू दाबत होती. मी तिला आठवण करून दिली, की आपल्याकडेही बेबीमावशी आहेत, बंडूकाका आहेत आणि बाळासाहेब तर गल्लोगल्ली. मग माईक फिरला. तिकडे कॅराओके हे मनोरंजन नसून हजेरी आहे. मला येऊन येऊन एक आरती येते. ती म्हटली. दुसऱ्या कडव्याला सगळ्यांनी टाळ्यांचा ठेका धरला. शेवटी बेबीने विचारलं, हे प्रेमगीत का?

निघायचं मात्र अवघड. ‘येतो’ म्हटल्यापासून प्रत्यक्ष दाराबाहेर पडेपर्यंत आमचा विक्रम एक तास दहा मिनिटांचा आहे. तुम्ही ‘नको’ म्हणत असता आणि आतेच्या हातात अॅल्युमिनियमच्या फॉइलचा रोल फिरत असतो. तो एकदा फिरायला लागला की कोर्टाची स्थगितीही चालत नाही. पानातलं उरलेलं, पातेल्यातलं, शेजाऱ्याच्या ताटातलं, सगळं चकाकत तुमच्या हातात येतं. याला ‘बाओन’ म्हणतात, वाटेची शिदोरी. आमची वाट अकरा पावलांची आहे.

एकदा कुया सकाळीच आला. खुशीत होता. ‘‘पारे, प्लॉट घेतलाय. बघायला चल.’’

कोकणातल्या माणसाला प्लॉट म्हटलं की अंगात येतं. मी चष्मा पुसला, बूट घातले. गाडीत बसल्या बसल्या विचारलं, किती गुंठे? कुया म्हणाला, लहानच आहे, दोघांपुरता. मी म्हटलं, शहाणपणा केलास, या वयात मोठं घेऊन झाडलोट कोण करणार? रस्ता किती फुटी? ‘‘गाडी अगदी जवळपर्यंत जाते.’’ पाण्याची सोय? ‘‘माळी रोज पाणी घालतो.’’ शेजार कसा आहे? ‘‘एकदम शांत.’’ एवढी बिनतक्रार जमीन ऐकून मला संशय यायला हवा होता. पण मी मनातल्या मनात हिच्यासाठी तिथे एक शेवगा लावूनही टाकला होता.

गाडी कोल्मा नावाच्या गावात शिरली. डेली सिटीला खेटून असलेलं हे गाव म्हणजे स्मशानांचं गाव. १९००च्या सुमाराला सॅन फ्रान्सिस्कोने शहरात दफन बंद केलं, पुढे जुन्या कबरीही हलवायला लावल्या, आणि ती सगळी मंडळी इथे आली. गावात जिवंत माणसं दीडेक हजार आणि जमिनीखाली लाखांनी. आम्ही एका हिरव्यागार उतारावर उभे राहिलो. कुयाने ओठांचा चंबू करून समोर दाखवलं. ते बोटाने दाखवत नाहीत, ओठांनी दाखवतात, त्यामुळे तो हवेला पापी देतोय असं वाटलं. पाहिलं, तर एक नवाकोरा दगड. कुयाचं नाव, आतेचं नाव, जन्मसालं, आणि पुढे एक आडवी रेघ.

‘‘हवा छान आहे ना?’’ कुया म्हणाला. ‘‘शेजारचाही रिकामा आहे. तुझ्यासाठी विचारून ठेवू?’’

मी त्याला सांगितलं, की आमच्यात जाळतात, जागा लागत नाही. त्याला फार वाईट वाटलं. ‘‘मग एक नोव्हेंबरला तुला भेटायला यायचं कुठे? जेवण कुठे मांडायचं?’’ त्या दिवशी ते सगळे चटया, डबे आणि पोरंबाळं घेऊन कबरींपाशी जेवायला येतात. मग त्यानेच गाडीच्या डिकीतून चटई काढली, फॉइल सोडलं, आणि आम्ही दोघे त्याच्या प्लॉटवर बसून लुंपिया खाल्ले.

आता मूळ मुद्द्यावर येतो, म्हणजे डब्यावर.

कुयाच्या गॅरेजमध्ये एक भलामोठा पुठ्ठ्याचा खोका कायम तोंड वासून उभा असतो. बालिकबायान बॉक्स. गावाकडच्या भावंडांसाठी त्यात साबण, टॉवेल, चॉकलेटं, कॉर्न्ड बीफचे डबे, नातवंडांचे तोकडे झालेले बूट असं महिनोन्महिने साठत जातं. भाडं खोक्याला असतं, वजनाला नाही, त्यामुळे टूथपेस्ट टॉवेलात आणि टॉवेल बुटात असा हवेलाही जागा न ठेवता तो भरतात, आणि वर चिकटपट्टीची अख्खी गुंडाळी संपवतात. साबणाला ते ‘साबोन’ म्हणतात, हे कळल्यावर मीही आमच्यातर्फे सहा वड्या घातल्या. ऋण, दुसरं काय!

ऑगस्टमध्ये खोका गेला. दोन दिवसांनी ही म्हणाली, ‘‘माझा स्टीलचा डबा कुठाय?’’

हा डबा साधा नव्हे. हिच्या आजीच्या वर्षश्राद्धाला नातलगांत वाटलेला, पोटावर कोरलेला: ‘कै. आजी स्मरणार्थ, १९८१’. नारळाच्या वड्या घालून तो कुयाकडे गेला होता. कुयाच्या नातवाने तो धुऊन पुसून ओट्यावर ठेवला, आतेला वाटलं गावच्या मंडळींसाठी कुणीतरी आणलाय, आणि आजी पॅसिफिक महासागर ओलांडून निघाल्या. दीड महिना ही माझ्याशी मोजकंच बोलली. सासूरवाडीची वस्तू मी समुद्रात टाकली, असा साधारण सूर होता.

ऑक्टोबरात कुयाच्या फोनवर फोटो आला. फिलिपिन्सच्या बातांगासमधलं एक स्वयंपाकघर, खिडकीत कढीलिंबासारखं काहीतरी, आणि मधोमध आमचा डबा. त्याच्या बहिणीने विचारलं होतं, एवढ्या सुंदर अक्षरांत काय लिहिलंय? मी वाचून दाखवलं, की हिच्या दिवंगत आजीची आठवण आहे. कुयाने टोपी काढली. तिकडे फोनवर बराच वेळ बोलणं झालं. मला त्यातलं फक्त ‘लोला’ कळलं, म्हणजे आजी.

पुढच्या आठवड्यात दुसरा फोटो आला. दोन नोव्हेंबरला त्यांच्या चर्चमध्ये मृतांसाठी प्रार्थना असते, त्यासाठी घराघरांतून नावांच्या चिठ्ठ्या जातात. बहिणीने आपल्या चिठ्ठीत त्यांच्या घरातल्या अकरा नावांखाली बारावं लिहिलं होतं. मी अक्षरं ओळखून वाचलं: काई आजी. नाव काई, आडनाव आजी.

मी ‘कै.’चा अर्थ सांगायला तोंड उघडलं, तर हिने माझा दंड दाबला. ती फोनकडे बघत होती. बऱ्याच वेळाने म्हणाली, ‘‘आजीला समुद्र ओलांडायचा नव्हता. मुंबईलासुद्धा गेली नाही कधी.’’

‘‘डबा परत येईल,’’ कुया घाईने म्हणाला. ‘‘आतेची भाची येणार आहे, तिच्याबरोबर. फक्त थोडा उशीर होईल. बहीण म्हणते, रिकामा कसा पाठवू? आंब्यांची वाट बघतेय. सुकवून, भरून पाठवेल. आमच्यासारखा आंबा जगात कुठे नाही.’’

वेंगुर्ल्याच्या माणसाला हे तोंडावर सांगितलं गेलं. मी उत्तराची जुळवाजुळव करत होतो, तेवढ्यात ही उठली आणि फ्रीजवरचा माझा जमा-खर्चाचा कागद घेऊन आली.

‘‘हे लिहून ठेवा,’’ म्हणाली, ‘‘आणि गावाला फोन लावा. आंबापोळी मागवायला हवी.’’